इंदूरच्या काळ्या मातीत घरची बाग : पहिल्या वर्षाची कामे

इंदुरात नवे घर बांधून झाले की समोरच्या मोकळ्या जागेत, जिला इथे सर्रास एमओएस (मार्जिनल ओपन स्पेस) म्हणतात, थोडी हिरवळ आणि पूजेपुरती फुलझाडे असावीत अशी इच्छा बहुतेक घरांत असते. एखाद्या रविवारी रोपवाटिकेतून टेम्पोभर रोपे येतात, गवताच्या लाद्या अंथरल्या जातात आणि दोन महिने सगळे प्रसन्न दिसते. परंतु पावसाळा सरेपर्यंत त्यांतली बरीच रोपे पिवळी पडून जातात आणि पुढच्या मे महिन्यात गवताखालच्या जमिनीला बोटभर रुंद भेगा पडतात. दोष रोपांचा नसतो आणि माळ्याच्या हाताचाही क्वचितच असतो. माळव्याची काळी माती पावसाळ्यात पाणी कसे धरून ठेवते आणि उन्हाळ्यात कशी आक्रसते, याचा विचार न करता बाग वरवर मांडलेली असते. म्हणून या लेखात कामांचा क्रम जमिनीखालून वर जाणारा ठेवला आहे. आधी पाण्याचा निचरा, मग माती, मग वाटा आणि बैठक, त्यानंतर झाडे आणि हिरवळ, आणि शोभेच्या वस्तू सर्वांत शेवटी. मार्च ते जून खोदकाम आणि दगडकाम, जुलैत लागवड, ऑक्टोबरात हंगामी फुले असे हे वर्ष बसते.

जागेचा नकाशा आणि उन्हाची नोंद

चौकटीच्या कागदावर एक चौकट म्हणजे एक फूट असे प्रमाण धरून घर, कुंपणाची भिंत, फाटक आणि फाटक उघडताना व्यापते ती जागा काढावी. त्यावर सेप्टिक टँक, सांडपाण्याचे चेंबर, बोअरवेल, जमिनीखालचा हौद, नर्मदेच्या पाण्याची जोडणी आणि विजेच्या तारा लाल शाईने दाखवाव्यात. या खुणा आत्ता केल्या नाहीत, तर पुढे कुदळ नेमकी पाइपवरच पडते, किंवा चेंबरच्या झाकणावर वाफा येतो आणि ते झाकण उघडायची वेळ आली की वाढलेली झाडे उपटावी लागतात.

त्यानंतर उन्हाची नोंद करावी. इंदूर कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेस, साधारण २२.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. जूनमध्ये दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, पण डिसेंबरात तो भर दुपारीही सुमारे ४४ अंशांपर्यंतच चढतो. त्यामुळे डिसेंबरातील दुपारी प्रत्येक भिंतीची सावली उत्तरेकडे जवळजवळ तिच्या उंचीइतकी लांब पडते. उत्तरमुखी दुमजली घराची उंची २२ फूट असेल, तर समोरची १५ फुटांची जागा हिवाळाभर सावलीत राहणार, हे नकाशावर पट्टी ठेवूनच कळते. उत्तरमुखी घर शुभ म्हणून आवर्जून घेतले जाते; तिथे हिरवळ हिवाळ्यात विरळ होणे आणि पिटुनिया न फुलणे स्वाभाविक आहे. अशा घरांत समोर सावलीत तगणारी झाडे, म्हणजे फर्न, अरेका पाम, पीस लिली यांना जागा द्यावी आणि हिवाळी फुलांच्या कुंड्या गच्चीवर न्याव्यात. पूर्वेकडची जागा बहुतेक फुलझाडांना सर्वांत मानवते. पश्चिमेच्या तापत्या जागेत बोगनवेल, कण्हेर आणि देवचाफा हेच टिकून राहतात.

पाण्याची वाट

काळ्या मातीतील चिकणकण पाणी शोषून फुगतात आणि वाळले की आकुंचन पावतात. भिंतीला लागून वाफे केले आणि त्यांना रोज पाणी दिले, तर ही फुगण्या-आक्रसण्याची क्रिया थेट घराच्या पायाशी चालू राहते आणि जोत्याला तडे जातात. त्यामुळे घराच्या भिंतीपासून किमान दोन फूट पट्टा फरशीचा किंवा मुरूम-गिट्टीचा ठेवावा, त्याचा उतार बाहेरच्या बाजूला असावा आणि बागेतील मातीची पातळी जोत्याच्या ओलरोधक थरापेक्षा निदान सहा इंच खाली असावी. बागेचे सौंदर्य या पट्ट्यामुळे उणावत नाही, उलट भिंतीवर चिखलाचे शिंतोडे उडत नाहीत.

निचरा तपासण्यासाठी एक फूट लांब, एक फूट रुंद आणि तितकाच खोल खड्डा करावा, तो पाण्याने भरून पूर्ण मुरू द्यावा आणि पुन्हा भरावा. दुसऱ्या वेळेस तासाला इंचभर किंवा त्याहून अधिक पाणी उतरत असेल तर जमीन चांगली आहे. दुसऱ्या दिवशी सकाळीही खड्ड्यात पाणी दिसत असेल, तर त्या जागी जमिनीच्या पातळीवर काहीही न लावता आठ ते बारा इंच उंच वाफे करावेत. इंदुरात वर्षभराचा पाऊस बहुतांशी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो, त्यामुळे मार्चमध्ये कोरडी ठणठणीत दिसणारी जागा ऑगस्टात तळे होऊ शकते. ही चाचणी टाळू नये.

उतार घरापासून कुंपणाकडे, दर ५० ते १०० फुटांना एक फूट इतका पुरतो. गवंडी पातळी पाहण्यासाठी वापरतात ती पाण्याने भरलेली पारदर्शक नळी दोघांनी धरली की उतार घरच्या घरी मोजता येतो. कुंपणाच्या आतल्या कडेने एक फूट रुंद आणि दीड फूट खोल चर खणून त्यात गिट्टी भरावी आणि त्याचे तोंड पाणी जिरवण्याच्या खड्ड्याकडे काढावे. गच्चीवरून उतरणारा पाइप मात्र हिरवळीवर कधीही सोडू नये. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर एक इंच पाऊस पडला, तर सुमारे २,३५० लिटर पाणी एकाच ठिकाणी ओतले जाते आणि तिथले गवत मुळासकट वाहून जाते. ते पाणी गाळणी लावून हौदात किंवा जिरवण खड्ड्यात न्यावे.

याच टप्प्यावर, माती उघडी असतानाच, पाण्याची नळी आणि दिव्यांची तार नेण्यासाठी वाटांखालून आडवे प्लास्टिक पाइप टाकून ठेवावेत. दोन जास्तीचे रिकामे पाइप टाकले तरी खर्च फारसा वाढत नाही आणि पुढे कधीही फरशी उखडावी लागत नाही.

माती तयार करणे

बांधकामानंतरच्या जागेत वरच्या चार इंचांखाली विटांचे तुकडे, वाळलेले सिमेंट, टाइलच्या कपच्या असा मलबा हमखास सापडतो. तो फावड्याने पसरून वर माती टाकण्याची पद्धत फार प्रचलित आहे आणि तीच सर्वांत घातक आहे, कारण आपली माती मुळातच थोडी अल्कधर्मी असते आणि सिमेंट-चुन्याने तो गुण आणखी वाढतो. फूटभर खोलीपर्यंत खणून मलबा वेचून काढावा. ठेकेदाराकडून लाल किंवा पिवळी माती मागवायची असेल, तर तिचा दोन-तीन इंचांचा थर काळ्या मातीवर नुसता अंथरू नये. वरच्या मोकळ्या थरातून उतरलेले पाणी खालच्या चिकणमातीवर अडते आणि मुळे नेमकी तिथेच कुजतात. दोन्ही माती खोलवर एकत्र कराव्यात, नाहीतर नव्या मातीचा फूटभर उंच वाफा तरी करावा.

काळी माती ओली असताना तिच्यात कधीही कुदळ घालू नये. मूठभर माती दाबून गोळा करावा; तो चकाकत असेल आणि बोटांना चिकटत असेल तर थांबावे, अंगठ्याने दाबल्यावर फुटून भुसभुशीत होत असेल तर खणायला घ्यावे. ओल्या मातीत केलेल्या खोदकामाची ढेकळे वाळली की विटेसारखी होतात आणि हंगामभर फुटत नाहीत. एप्रिलमध्ये खणून मोठाली ढेकळे तशीच उन्हात तापू द्यावीत. मेच्या मध्यावर एकदा पाणी मारावे. आठ-दहा दिवसांत नागरमोथा हे चिवट तण वर येते. ते खुरप्याने वरवर न कापता जमिनीखालच्या काळ्या गाठीसकट उचलून काढावे आणि हाच क्रम जूनपर्यंत दोन-तीन वेळा करावा. गवत लावल्यानंतर मोथा काढणे जवळजवळ अशक्य होते, म्हणून या कष्टांना पर्याय नाही.

माती भुसभुशीत करण्यासाठी अनेक जण वाळू मागवतात. थोडीशी वाळू चिकणमातीत घातली, तर मिश्रण आणखी घट्ट होण्याचाच संभव असतो. खरा उपयोग होतो तो कुजलेल्या खताचा. तीन इंच जाडीचा थर पसरून तो वरच्या आठ-नऊ इंचांत मिसळावा; ४०० चौरस फुटांना यासाठी सुमारे १०० घनफूट खत लागते. शेणखत घेताना त्याला ताज्या शेणाचा वास नाही आणि हातात कुस्करल्यावर त्याचा भुगा होतो, याची खात्री करावी. कच्च्या शेणातून हुमणी ही पांढरी अळी येते आणि ती गवताची मुळे खाऊन टाकते. माती सुधारण्यासाठी वापरले जाणारे जिप्सम सरसकट टाकू नये. माती परीक्षणात सोडियमचे प्रमाण जास्त निघाले तरच त्याचा उपयोग होतो.

खताच्या बाबतीत इंदूरकरांना एक मोठा वारसा लाभलेला आहे. १९२४ साली इथे स्थापन झालेल्या वनस्पती-उद्योग संस्थेत ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी यशवंत वाड यांच्या साहाय्याने कंपोस्टची जी पद्धत विकसित केली आणि १९३१ मध्ये प्रसिद्ध केली, ती जगभर 'इंदूर पद्धत' म्हणूनच ओळखली जाते. आपल्या शहराचे नाव घेऊन ही पद्धत दूरदूरच्या शेतांत पोचली. ती आपल्याच परसात नसावी याचे वाईट वाटते. घरासाठी तीन फूट लांब, रुंद आणि उंच ढीग पुरतो. खाली काड्या-फांद्यांचा मोकळा थर द्यावा. त्यावर सहा इंच वाळलेला पालापाचोळा, त्यावर दोन इंच हिरवे कापलेले गवत आणि भाज्यांची देठे, त्यावर शेणाचे पाणी, थोडी माती आणि चिमूटभर लाकडाची राख असे थर रचावेत. ढीग पिळलेल्या फडक्याइतका ओलसर राहावा. पंधरवड्याने, महिन्याने आणि दोन महिन्यांनी तो उलथून बाहेरचा भाग आत घ्यावा. ढीग नीट रचला असेल तर पहिल्याच आठवड्यात त्यात हात घातल्यावर चटका बसण्याइतकी ऊब लागते. ती लागली नाही तर हिरवा कचरा किंवा ओलावा कमी पडला आहे, आणि घाण वास आला तर पाणी जास्त झाले आहे, असे समजावे. साधारण तीन महिन्यांत खत तयार होते. फेब्रुवारी-मार्चमध्ये शहरात झाडांची पानगळ जोरात असते. तो पाचोळा पोत्यांत भरून ठेवला तर वर्षभराची सोय होते.

वाटा, बैठक आणि वृंदावन

काळ्या मातीवर सलग काँक्रीटची वाट टाकली तर एकदोन उन्हाळ्यांतच तिला तडे जातात, म्हणून वाट लवचीक असावी. सात-आठ इंच माती काढून पाच इंच मुरूम पाणी मारून धुमसाने ठोकून बसवावा, त्यावर दोन इंच वाळू आणि वर कोटा फरशी किंवा पेव्हर ब्लॉक ठेवावेत. एका माणसाला कुंडी उचलून नेण्यास तीन फूट रुंदी लागते, दोघांना बरोबरीने चालण्यास चार फूट. हिरवळीतून पावलांपुरत्या फरश्या टाकायच्या असतील, तर दोन फरश्यांच्या मध्यबिंदूंमध्ये २२ ते २४ इंच अंतर ठेवावे आणि घरातील ज्येष्ठांना एकदा त्यावरून चालायला लावूनच त्या पक्क्या कराव्यात. फरशीचा माथा मातीच्या पातळीला भिडता ठेवावा, म्हणजे गवत कापण्याचे यंत्र वरून सहज फिरते. गुळगुळीत घोटलेली फरशी बाहेर वापरू नये. श्रावणात तिच्यावर शेवाळ धरते आणि पाय घसरतो.

वाफ्यांच्या कडांसाठी विटा तिरप्या लावून रंगवण्यापेक्षा इथलाच काळा दगड वापरावा, असे आग्रहाने सांगावेसे वाटते. माळव्याचे पठार या दगडाचेच बनलेले आहे, तो पावसाने झिजत नाही, त्याला रंग लागत नाही आणि हिरव्या गवताशेजारी तो फार शोभतो.

तुळशीवृंदावनाची जागा नकाशावर सर्वांत आधी ठरवावी आणि बाकीची रचना तिच्याभोवती करावी. दारातून दिसणारे, दिवसाचे निदान पाच-सहा तास ऊन मिळणारे ठिकाण निवडावे. समोर तीन फूट लांब-रुंद सपाट फरशी रांगोळीसाठी आणि एका बाजूला उभे राहून पाणी घालण्यापुरती मोकळी जागा ठेवावी. वृंदावनाच्या तळाला छिद्र ठेवून ते बाहेर पाणी सोडते ना, हे बांधतानाच पाहावे. सुबक संगमरवरी वृंदावनांत हे छिद्र पुष्कळदा नसतेच आणि तुळस दर पावसाळ्यात कुजते. डिसेंबर-जानेवारीच्या कडक थंडीत तुळस काळवंडते. त्या दिवसांत पाणी कमी करावे, रात्री पातळ कापड टाकावे, मंजिऱ्या खुडत राहाव्यात आणि दोन रोपे वेगळ्या कुंडीत राखून ठेवावीत.

बसण्याचा कट्टा संध्याकाळी सावली येते तिथे असावा. झाडाभोवती पार बांधायचा असेल तर बुंध्यापासून चहूबाजूंनी तीन फूट माती उघडी सोडावी. झोपाळ्याच्या खांबांचा पाया गवंड्याकडूनच भरून घ्यावा, कारण काळ्या मातीत उथळ रोवलेले खांब वर्षभरात कलतात.

झाडे आणि झुडपे

वड, पिंपळ, उंबर आणि फायकसच्या इतर जाती घराच्या आवारात लावू नयेत. त्यांची मुळे ओलाव्याच्या शोधात सेप्टिक टँक आणि चेंबरमध्ये शिरतात. झटपट हिरवी भिंत उभी करणारे कोनोकार्पसही टाळावे. शेजारच्या गुजरातेत २०२३ साली त्याच्या लागवडीवर सरकारने बंदी घातली आहे. लहान आवारासाठी पारिजातक, कांचन, देवचाफा, कढीपत्ता, लिंबू, पेरू आणि सीताफळ योग्य. जागा ऐसपैस असेल तर बहावा किंवा तामण. बहावा घरापासून दहा-बारा फूट दूर असावा. चारशे-पाचशे चौरस फुटांच्या जागेत दोन लहान झाडे आणि आठ-दहा झुडपे पुष्कळ झाली. नवीन माणूस नेहमी दुप्पट लावतो आणि तिसऱ्या वर्षी निम्मी तोडतो.

झाडांचे खड्डे मेमध्ये दोन फूट लांब, रुंद आणि खोल करून तापू द्यावेत. भरताना एक गोष्ट कटाक्षाने पाळावी: खड्ड्यातून निघालेलीच माती वापरून तिच्यात एक तृतीयांशापर्यंत कुजलेले खत मिसळावे. चिकणमातीतील खड्डा निव्वळ खत-कोकोपीटने भरला तर तो पावसात हौदासारखा साठतो आणि रोप गुदमरते. दोन चांगले पाऊस होऊन माती बसली की रोप लावावे, पिशवी पूर्ण काढावी, गोल फिरलेली मुळे बोटांनी सोडवावीत आणि रोपाची मान आजूबाजूच्या जमिनीपेक्षा दोन इंच उंच राहील असे बघावे. कलमी लिंबू आणि गुलाब यांचा कलमाचा सांधा मातीत गाडला जाऊ नये. पावसाळ्यात आळे फोडून पाण्याला बाहेर वाट द्यावी. ऑक्टोबरात आळे पुन्हा बांधून त्यात पाचोळ्याचे तीन इंच आच्छादन घालावे. उन्हाळ्यात रोज थोडे पाणी शिंपडण्यापेक्षा चार-पाच दिवसांनी खोलवर मुरेल इतके द्यावे, कारण काळी माती एकदा खोल भिजली की बरेच दिवस ओल राखते.

पूजेच्या फुलांसाठी लाल जास्वंद, मोगरा, जाई, अनंत आणि तगर ही झुडपे पुरतात. जास्वंद आणि अनंताची नवी पाने पिवळी पडून फक्त शिरा हिरव्या राहिल्या, तर आणखी खत घालण्याची घाई करू नये. अल्कधर्मी मातीत लोह असूनही मुळांना घेता येत नाही, म्हणून असे होते. एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम फेरस सल्फेट आणि चिमूटभर लिंबूसत्त्व विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारावे, पंधरा दिवसांनी पुन्हा करावे. पाणी शुद्ध करण्याच्या घरगुती यंत्रातून वाया जाणारे खारट पाणी या झाडांना नेमाने घालू नये. त्याने हाच दोष वाढतो.

हिरवळ

हिरवळीचा आकार ठरवण्यापूर्वी पाण्याचा हिशेब करावा. १०० चौरस फुटांवर एक इंच पाणी म्हणजे सुमारे २३६ लिटर. उन्हाळ्यात आठवड्याला दीड इंच धरले तर ६०० चौरस फुटांच्या हिरवळीला दर आठवड्याला दोन हजार लिटरहून अधिक पाणी लागते. हे पाणी सुमारे ७० किलोमीटरवरच्या जलूदहून, नर्मदेतून घाट चढवून पंपांनी आणले जाते आणि अनेक वसाहतींत ते एक दिवसाआडच येते. अशा शहरात कुंपणापासून कुंपणापर्यंत गवत पसरणे योग्य नाही. मोकळ्या जागेच्या एक तृतीयांशापेक्षा अधिक भाग हिरवळीखाली घेऊ नये. उरलेल्या जागेत झुडपे, फरशी आणि जमिनीलगत पसरणारी झाडे असावीत. लहान पण दाट हिरवळ मोठ्या आणि विरळ हिरवळीपेक्षा केव्हाही चांगली दिसते.

जात निवडताना ऊन पाहावे. सहा तासांहून अधिक ऊन असेल आणि मुले खेळणार असतील, तर हरळी किंवा तिचीच निवडक बारीक पानांची, रोपवाटिकांत सिलेक्शन वन नावाने मिळणारी जात घ्यावी. ती तुडवली तरी पुन्हा उठते. मेक्सिकन किंवा कोरियन गवत गालिच्यासारखे दिसते आणि क्वचित कापावे लागते, पण ते सावकाश पसरते, महाग पडते आणि मधूनमधून त्याचे उंचवटे होतात. अर्धवट सावलीत रुंद पानांचे बफेलो गवत तगते. गडद सावलीत कोणतेही गवत लावू नये.

तयार केलेली जमीन लाकडी फळीने सारखी करून भरपूर पाणी द्यावे, आठवडाभर बसू द्यावी, पडलेले खळगे भरावेत आणि पुन्हा पाणी द्यावे. पाऊस स्थिरावल्यावर, साधारण जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात, मुळे असलेल्या काड्या तीन-चार इंचांवर खोचाव्यात. लाद्या विकत घेणार असाल तर प्रत्येक लादी उलटी करून मोथ्याच्या गाठी आहेत का, ते बघावे, लाद्या एकमेकींना भिडवून विटांसारख्या सांधे चुकवून बसवाव्यात आणि वरून दाबाव्यात. काड्यांची लागवड स्वस्त असते आणि पावसाळ्यात दीड-दोन महिन्यांत जमीन झाकते, म्हणून नवख्याने तीच करावी.

गवत दोन-अडीच इंच वाढले की पहिली कापणी करावी आणि कोणत्याही एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त कापू नये. हरळी एरवी एक ते दीड इंच, मेमध्ये दोन इंच ठेवावी. उंच गवत आपल्याच मुळांवर सावली धरते. वाढीच्या काळात महिन्यातून एकदा १०० चौरस फुटांना ५० ते १०० ग्रॅम युरिया सारखा पसरून लगेच पाणी द्यावे, अन्यथा पात्या करपतात. पाणी पहाटे द्यावे. वृंदावनाजवळ दोन फूट रुंद पट्टा न कापता राखून ठेवावा, त्यावर कोणतेही औषध फवारू नये, म्हणजे गणपतीत दूर्वा घरच्याच मिळतात.

हंगामी फुले, कुंड्या आणि दिवे

दसऱ्याच्या तोरणाला घरचा झेंडू हवा असेल तर जुलैच्या अखेरीस बी पेरावे. पावसाळ्यात तेरडा, उन्हाळ्यात सदाफुली आणि पोर्टुलाका फारशी निगा न मागता फुलतात. इंदूरचा खरा फुलांचा हंगाम मात्र हिवाळ्याचा आहे. सप्टेंबरच्या अखेरीपासून पिटुनिया, कॅलेंडुला, फ्लॉक्स, डेलिया यांची रोपे करावीत, आणि गुलाबाची छाटणी ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात धारदार सिकेटरने, म्हणजे छाटणीच्या कात्रीने, बाहेर वळलेल्या डोळ्याच्या पाव इंच वर तिरकी करावी. एकाच वाफ्यात आठ रंग मिसळण्यापेक्षा दोन रंगांचे मोठे ताटवे दुरूनही उठून दिसतात.

कुंडीत नुसती काळी माती भरू नये. लाल किंवा पिवळी माती दोन भाग, खत एक भाग आणि जाड वाळू एक भाग असे मिश्रण घ्यावे. शोभेच्या वस्तूंबाबत संयम बाळगावा. दारातून पाहताना नजर जिथे थांबते तिथे एकच मोठी वस्तू, एक रांजण किंवा दगडी दीपमाळ, पुरेशी आहे. प्लास्टिकचे बगळे, रंगवलेले टायर आणि कृत्रिम गवत यांना जिवंत बागेत जागा नसावी. पाणी ठेवायचे असेल तर कारंज्यापेक्षा पक्ष्यांसाठी दोन इंच खोल पसरट मातीचे भांडे ठेवावे आणि ते रोज घासून भरावे, म्हणजे डास होत नाहीत.

दिवे खाली, वाटेकडे प्रकाश पाडणारे आणि पिवळसर असावेत. बागेतील वायरिंग पाइपमधूनच न्यावे आणि त्या जोडणीवर ३० मिलिअँपियरचे, विजेची गळती होताच प्रवाह तोडणारे स्विच वायरमनकडून बसवून घ्यावे. ओल्या जमिनीवर अनवाणी चालणाऱ्या मुलांसाठी हे अत्यावश्यक आहे. शेवंतीच्या कुंड्या मात्र दिव्यांपासून दूर ठेवाव्यात. शेवंतीला कळ्या धरण्यासाठी लांब, अंधारी रात्र लागते. पोर्चमधला दिवा रात्रभर जळत असेल, तर त्याच्या उजेडातली झाडे नुसती पानांनी भरतात आणि चार हातांवरच्या अंधारातली त्याच जातीची झाडे नोव्हेंबर-डिसेंबरात फुलून येतात. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड कुंपणावरून आत येत असेल तर सप्टेंबरपासून त्या कुंड्या घराच्या मागच्या बाजूला हलवाव्यात आणि कळ्या पुरत्या रंगल्या की पुढे आणाव्यात.